दमलेला दगड

केंद्र सरकारच्या रजेच्या नियमांत एक वाक्य आहे. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना ते पाठ असेल. मुद्दाम न करताही झालेले असेल. १९७२ साली झालेल्या त्या नियमावलीतील सातवा नियम सांगतो, की रजा ही हक्क म्हणून मागता येत नाही. नियमाचा हेतू मला मान्य आहे. एका शाखेतील सहाच्या सहा माणसे गणपतीला गावी गेली, तर आलेला कागद उघडायचा कोणी? परंतु वर्षानुवर्षे स्वतःचे अर्ज लिहिता लिहिता आणि इतरांचे पुढे पाठविता पाठविता ते वाक्य कचेरीच्या भिंती ओलांडून माझ्या मनात येऊन बसले. विसावा ही मागण्याची वस्तू नव्हे; कोणी दिला तर घ्यावा आणि घेताना थोडे ओशाळावे, असे मला वाटू लागले.

याच्या नेमके उलट सांगणारे दुसरे एक वाक्य आहे. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जो जाहीरनामा स्वीकारला, त्याचे चोविसावे कलम विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येक मनुष्याचा हक्क मानते. या दोहोंच्या मधोमध आपली 'अर्जित रजा' उभी आहे. तिचे नावच असे, की विसावा हा आधी कमवावा लागतो. वर्षाला तीस दिवस, दोन हप्त्यांत खात्यावर जमा होतात. तीनशे दिवसांपर्यंत साठविता येतात, आणि निवृत्तीच्या वेळी उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतात. हे दिवस पोटाशी धरून बसलेले आणि त्यांपैकी एकही न वापरल्याचा अभिमान बाळगणारे गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. मीही त्याच वाटेवर होतो.

तेव्हा विसावा हा हक्क, की श्रमाचा मोबदला, की वरिष्ठांची मेहेरबानी? हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथात भेटला असता तर मी पान उलटले असते. तो भेटला दक्षिण अमेरिकेतील एका डोंगराळ नगरीत, चौकातील बाकावर, अगदी निरुद्योगी बसलो असताना.

कचेरीच्या कामानिमित्त काही वर्षे माझा मुक्काम पेरू देशाची राजधानी लिमा येथे होता. लिमा समुद्रकाठी आहे. २०१९ च्या मे महिन्याच्या अखेरीस मी आठ दिवसांची रजा घेतली. घरी येऊन जाण्यास तेवढे दिवस पुरत नव्हते आणि तेवढे पैसेही नव्हते, म्हणून कुस्कोला गेलो. विमानाने सव्वा तासाचा प्रवास. पण त्या सव्वा तासात मनुष्य समुद्रसपाटीवरून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर नेऊन ठेवला जातो. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. एका कळसूबाईवर दुसरे कळसूबाई रचले तरी कुस्कोचा चौक शंभर मीटर वर उरतो. इतक्या उंचीवरच्या हवेतही प्राणवायूचा वाटा समुद्रकाठी असतो तेवढाच, शंभरात एकवीस. परंतु हवेचा दाब मात्र सुमारे दोन-तृतीयांश उरतो आणि प्रत्येक श्वासाचे माप त्या मानाने अपुरे भरते. डोके ठणकते, झोप उडते, अन्न नकोसे होते. या त्रासाला तिकडे 'सोरोचे' म्हणतात. लेहला बदली झालेल्या आपल्या बांधवांना याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. ती जागा जवळजवळ याच उंचीवर आहे, आणि तेथे उतरणाऱ्याला पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहण्याची ताकीद असते.

मलाही तीच ताकीद मिळाली. उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी कोकाच्या पानांचा कढत काढा पुढे ठेवला आणि बजावले, की आज काही करायचे नाही, उद्याही फारसे नाही. थोडे खायचे, हळू चालायचे, मधून मधून बसायचे. मला हसू आले. पायरीवर बसून बुटाची नाडी बांधली, तेवढ्यानेच धाप लागली, तेव्हा हसू गेले.

पुढचे तीन दिवस मी कोणतेही काम केले नाही. सकाळी चौकात येऊन बाकावर बसावे. भोवती कमानींचे ओटे, समोर १६५४ साली पुरे झालेले मोठे चर्च, वर अतिशय गडद निळे आकाश. त्या उंचीवरचे ऊन कडक, पण हवा थंड. उन्हात बसले तर कोट नकोसा होतो आणि ढगाची सावली आली की लगेच हवासा वाटतो. बाकावरची माणसे उन्हाबरोबर सरकत असतात. दुपारी उतारावरून सान पेद्रोच्या बाजारात जावे. १९२५ सालापासूनचा हा मंडईवजा बाजार आहे. तेथे बटाट्यांच्या राशी असतात, तांबड्या, जांभळ्या, काळपट, बोटाएवढ्या आणि मुठीएवढ्या. त्यांच्या शेजारी 'चुन्यो' नावाचे हलके, सुकलेले बटाटे. बटाटा रात्री दहिवरात उघड्यावर टाकायचा म्हणजे तो गोठतो. दिवसा उन्हाने सैल पडतो. मग माणसे तो पायांनी तुडवून त्यातले पाणी काढतात. असे काही दिवस केले की तो वर्षानुवर्षे टिकतो. अर्धे काम थंडी करते, अर्धे ऊन करते, आणि उरलेले माणसाच्या टाचा करतात, असे विकणारी बाई म्हणाली. तिच्या हिशेबात दोन अर्ध्यांनंतरही काही उरत होते. पुढे मी त्या हिशेबाचा पुष्कळदा विचार केला.

इतके स्वस्थ मी पूर्वी कधी बसलो नव्हतो. स्वस्थता मात्र लागत नव्हती. पहिली अडचण त्या नगरीनेच उभी केली. इंकांच्या नावाने तिकडे तीन आज्ञा सांगितल्या जातात: चोरी करू नकोस, खोटे बोलू नकोस, आळस करू नकोस. केचुआ भाषेतील या आज्ञा शेजारच्या बोलिव्हिया देशाने २००९ च्या आपल्या राज्यघटनेच्या आठव्या कलमात घातल्या आहेत. तिसरी आज्ञा 'आमा केल्या' अशी काहीशी ऐकू येते. मराठी कानाला तो शब्द एखाद्या काम करून टाकल्याच्या हिशेबासारखा वाटतो, आणि सांगतो तेही जवळपास तेच. आम्हांला ही शिकवण परकी नाही. समर्थांनी आळसाला करंटेपणाचे लक्षण मानले आहे, आणि आमच्या घरी दासबोध वाचला जात नसला तरी त्याची ही कलमे पाळली जात.

दुसरी अडचण घरची होती. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पाटण तालुक्यातील आमच्या गावी दुधाचा धंदा करतात. घरच्या म्हशींचे आणि वरच्या वाड्यावस्त्यांचे दूध गोळा करून, वीस-वीस लिटरच्या दोन किटल्या सायकलला अडकवून, ते उजाडायच्या आत तालुक्याच्या गावी नेऊन घालायचे. उतारावर सायकलवर बसून आणि चढावर सायकल हाताने रेटत. म्हैस रविवार पाळीत नाही, दिवाळी पाळीत नाही. तीस-पस्तीस वर्षांत आप्पांनी फेरी चुकविल्याचे मला दोनदा आठवते. दोन्ही वेळा घरात मयत झाली होती.

कुस्कोत संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट, साडेतीन वाजलेले असतात. ही आप्पांची उठण्याची वेळ. तिसऱ्या दिवशी त्या वेळेला मी बाकावरूनच फोन केला. ऊन डोंगराआड जाण्याच्या बेतात होते.

"तिकडं काय काम काढलंस?" आप्पांनी विचारले.

"काय न्हाई. बसलोय नुसता."

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग त्यांनी विचारले, "तब्येत बरी न्हाई व्हय?"

"बरी हाय."

"मग बस. ऊन हाय का तिथं?"

"हाय."

"बरं." मागे म्हैस ओरडत होती. फोन बंद झाला.

आप्पांच्या बोलण्यात टोमणा नव्हता; ते टोमणे मारीत नाहीत. धडधाकट मनुष्य काम नसताना कोठे तरी जाऊन बसतो, याला आजाराखेरीज दुसरे कारण त्यांच्या अनुभवात नव्हते. माझ्या शिक्षणाचा आणि नोकरीचा पाया त्या दोन किटल्यांवर आहे. तेव्हा ज्या बाकावर मी बसलो होतो त्याचे भाडे पहाटे साडेतीनला उठणारा एक मनुष्य भरीत होता, हे मला त्या क्षणी अतिशय स्पष्ट दिसले.

थोरांनी या प्रश्नाचा विचार केला नाही असे नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात म्हटले आहे, की आपण काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून. ग्रीक भाषेतील फुरसतीच्या शब्दापासूनच युरोपातील भाषांना शाळेसाठी शब्द मिळाला. परंतु त्याच्या नगरात ही फुरसत ज्यांना मिळे त्यांची कामे गुलाम करीत. आणि हात चालविल्याशिवाय धोटे आपोआप विणू लागले तर धन्याला गुलामांची गरज राहणार नाही, असेही त्यानेच लिहून ठेवले. पुढे धोटे आपोआप विणू लागले. १९३२ साली बर्ट्रांड रसेलने आळसाची स्तुती करणारा निबंध लिहिला आणि यंत्रांच्या युगात मनुष्याला दिवसाला चार तासांचे काम पुरे आहे असे मांडले. कॉलेजात असताना तो निबंध मला फार आवडला होता. बाकावर बसून त्याची आठवण केली तेव्हा मात्र तो माझ्या कामी आला नाही. त्यातला युक्तिवाद खोटा नव्हता; पण तो आप्पांना वाचून दाखविता येईल असे एकही ठिकाण मला त्यात आठवेना.

चौथ्या दिवशी श्वास जरा ताब्यात आला, म्हणून मी गावावरच्या टेकाडावर साक्सायवामानला गेलो. तेथे इंकांनी रचलेल्या प्रचंड दगडी भिंतींच्या तीन रांगा आहेत, नागमोडी, एकीच्या वर एक. चुना नाही, माती नाही. खोलीएवढाले दगड एकमेकांत असे बसविलेले, की सांध्यात सुरीचे पाते शिरत नाही. स्पॅनिश लोकांनी कुस्को घेतल्यावर या गडाची खाण केली; नेता येण्याजोगे दगड खाली नेऊन चर्चे आणि वाडे बांधले. जे फारच मोठे होते ते राहिले. तेथून जवळच एक भला मोठा खडक दाखवितात आणि सांगतात, की हा दमलेला दगड.

या दगडाची गोष्ट लिहून ठेवणारा मनुष्य आपल्या वाचकांना जवळचा वाटावा असा आहे. इंका गार्सिलासो दे ला वेगा हा कुस्कोत १५३९ साली जन्मला; आई इंका राजकुळातली, बाप स्पॅनिश सरदार. विशीत, १५६० साली, तो स्पेनला गेला आणि पुन्हा कधीही परतला नाही. म्हातारपणी, कोर्दोबाच्या बाजूला बसून, त्याने आपल्या आईच्या लोकांचा इतिहास लिहिला. त्याचा पहिला भाग १६०९ साली लिस्बनमध्ये छापला गेला. पन्नास वर्षे दूर राहून ज्याने आपल्या गावची एकेक भिंत आठवून लिहिली, त्याला परमुलखातला मनुष्य म्हणजे काय हे शिकविण्याची जरुरी नव्हती.

तो सांगतो, की हा दगड गडासाठी फार लांबून ओढून आणला जात होता. वीस हजारांहून अधिक माणसे दोरांना लागली होती, निम्मी पुढून ओढणारी, निम्मी मागून तोलणारी. एका उतारावर दोर सुटला, दगड घसरला आणि तीन-चार हजार माणसे त्याच्याखाली सापडली. आकडे ऐकीव आहेत. कोणी हजेरीपट ठेवला नव्हता. लोक मात्र निराळ्या शब्दांत सांगत. ते म्हणत, की दगड वाटेत दमला. गडापर्यंत पोचता येत नाही म्हणून त्याच्या डोळ्यांतून रक्त आले आणि तो तेथेच बसला.

मी त्या खडकाच्या उन्हाच्या बाजूला बसलो आणि ही गोष्ट मनात घोळवू लागलो. दगड दमला असे का म्हटले असेल? रक्त माणसांचे होते, दम माणसांना लागला होता. ते सारे त्या दगडाच्या अंगावर का चढविले? मला एकच उत्तर सुचते. आळस करू नकोस ही जेथे राजाज्ञा आहे, तेथे ओढणाऱ्याला 'मी दमलो' असे म्हणता येत नाही. काही स्पॅनिश बखरकारांनी लिहिले आहे, की ज्यांच्याजवळ कर म्हणून देण्यासारखे काहीच नसे त्यांना अंगावरच्या उवा गोळा करून आणून द्याव्या लागत, म्हणजे हात रिकामे राहू नयेत. अशा राज्यात दमण्याची परवानगी फक्त दगडाला होती. म्हणून वीस हजार माणसांनी आपला शीण त्याच्या तोंडून बोलून घेतला.

हा विचार आला आणि लगेच मला आप्पांची सायकल आठवली. लहानपणी सुटीत मी त्यांच्याबरोबर फेरीला जात असे. अर्ध्या चढावर एक जांभळीचे झाड आहे. तेथे आले की ते सायकल झाडाला टेकवीत आणि म्हणत, "सायकल दमली रं. जरा टेकू दे तिला." मग आम्ही दोघे सायकलचा दम जाईपर्यंत दगडावर बसून राहत असू. मला ती गंमत वाटे. आप्पा स्वतः दमल्याचे मी त्यांच्या तोंडून कधीही ऐकलेले नाही.

इंकांवर एकतर्फी दोष ठेवणे मात्र न्यायाचे होणार नाही. प्रजेकडून ते जी सक्तीची मेहनत घेत तिला 'मिता' म्हणत, आणि केचुआत त्या शब्दाचा अर्थ 'पाळी' असा आहे. पाळी येते तशी संपते. ती चालू असताना राबणाऱ्याला सरकारी कोठारातून अन्न मिळे. ती संपली की तो आपल्या शेताकडे परते आणि त्याच्या जागी दुसरा येई. स्पॅनिश राजवटीने शब्द ठेवला आणि त्यातली पाळी मोडली. १५७३ साली व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी मितेची नवी व्यवस्था लावली: ठरावीक प्रांतांतील कर्त्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा दरवर्षी खाणीवर. म्हणजे कागदोपत्री प्रत्येकाला सात वर्षांतून एकदा. पण रोगराईने आणि पळून जाण्याने माणसे कमी झाली, सरकारचा आकडा तितकासा उतरला नाही, आणि पाळी लवकर लवकर येऊ लागली. कोकाचे पान बंद करावे असे तेव्हाच्या चर्चमधील अनेकांचे मत होते. परंतु ते चघळले म्हणजे मजुराची भूक आणि थकवा मरतो व तो अधिक राबतो, हे दिसल्यामुळे त्याचा व्यापार चालूच राहिला. ज्या पानांच्या काढ्याने मालकीणबाईंनी मला विसावा दिला, त्याच पानांनी दुसऱ्यांचा विसावा काढून घेतला होता. कुस्कोजवळच्या एका परगण्याचा नायक दुसरा तुपाक अमारू याने आपल्या लोकांना पोतोसीच्या मितेतून सूट मिळावी म्हणून आधी रीतसर अर्ज केले. ते फेटाळले गेल्यावर काही वर्षांनी त्याने बंड केले, आणि १८ मे १७८१ रोजी त्याला कुस्कोच्या त्याच चौकात हालहाल करून मारले. माझा बाक त्या चौकातच होता. मिता कायद्याने बंद व्हायला १८१२ साल उजाडले.

उतरताना वाटेत पाठीवर ओझी घेतलेली माणसे चढून येत होती. मी थांबून थांबून उतरत होतो, आणि ती न थांबता चढत होती. त्यांच्याकडे पाहून माझ्या मनात सहज एक वाक्य आले: यांना सवय असते. वाक्य मनात आले आणि मी जागीच थांबलो. हेच वाक्य मी आप्पांविषयी जन्मभर ऐकले होते, आणि दुसऱ्या कोणी म्हटले नाही तेव्हा स्वतः म्हटले होते. ते पूर्ण खोटे नाही. पिढ्यान्पिढ्या उंचीवर राहणाऱ्यांचे शरीर विरळ हवेला पुष्कळ सरावलेले असते. परंतु जन्मभर तेथे राहिलेल्या काही माणसांनाही एके काळी ती उंची सोसेनाशी होते. या विकाराचे वर्णन कार्लोस मोंगे या पेरूच्याच वैद्याने १९२५ साली केले. सवय म्हणजे दम लागत नाही असे नव्हे. लागलेला दम दिसत नाही, एवढाच पुष्कळदा तिचा अर्थ असतो. आणि दिसत नाही म्हणून तो मोजायचा नाही, ही सोय आपण पाहणारे लोक करून घेतो. हमालाला सवय असते, मोलकरणीला सवय असते, आईला सवय असते.

पेरूच्या कायद्याने ही सोय थोडी तरी काढून घेतली आहे. कुस्कोच्या बाजूने माचूपिच्छूकडे जी पायवाट जाते तिच्यावर दिवसाला ५०० माणसे सोडतात, आणि त्यांत निम्म्याहून अधिक ओझेवाले आणि वाटाडे असतात. म्हणजे एकाच्या सहलीला दुसऱ्या एकाहून अधिक माणसाची पाठ लागते. २००१ साली तेथे ओझेवाल्यांसाठी कायदा झाला आणि एका पाठीवर २० किलोंहून जास्त ओझे देऊ नये असे ठरले. आप्पांच्या सायकलला दुधाचेच चाळीस किलो असत. या कायद्याचे महत्त्व मला असे वाटते, की सवय असलेला मनुष्यही दमतो, हे त्यात आकड्याने लिहिलेले आहे.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. विसावा ही मेहेरबानी नव्हे. कारण श्वासाची गरज कोणाच्या मर्जीवर ठेवता येत नाही. तो निव्वळ मोबदलाही नव्हे. तो कमाईवर अवलंबून असता, तर सर्वांत अधिक विसावा आप्पांच्या वाट्याला आला असता आणि मला त्या बाकावर बसण्याचा अधिकारच पोचला नसता. तो हक्कच आहे. परंतु ज्याला 'मी दमलो' असे उघड म्हणता येत नाही, त्याच्या हाती त्या हक्काचा कागद असून उपयोग नाही. कुस्कोत मला ते म्हणता आले, कारण मी पाहुणा होतो. माझी धाप पाहून माणसे बाक मोकळा करून देत, काढा आणून देत. माझा विसावा हा अपराध नव्हता. अपराध घडलाच असेल तर तो एवढाच, की इतके दिवस ही सवलत मी एकट्याची समजलो.

यावर कोणी विचारील, की मग प्रवाशाने करावे काय? ओझेवाला घेऊच नये काय? तसे मी म्हणत नाही. माझे ओझे मी स्वतः उचलले तर त्याच्या पाठीवरून वीस किलो उतरतील हे खरे, पण त्याबरोबर त्याच्या घरची चूलही थंडावेल. आपण उन्हात बसायचे सोडून दिल्याने दुसऱ्याला सावली मिळते असेही नाही. माझ्या मते करण्यासारखी गोष्ट त्या जुन्या केचुआ शब्दातच आहे. कामाला पाळी असावी तशी विसाव्यालाही असावी. आपली झाली की दुसऱ्याची. ज्याच्या श्रमावर आपण बसलो त्याला निदान एकदा बसते करावे. हे तत्त्व मोठ्या जगाला कसे लावायचे ते मला सांगता येणार नाही. घरापुरते ते लावून पाहणे माझ्या हातात होते.

लिमाची मुदत संपवून मी परत आलो आणि दिल्लीला रुजू होण्यापूर्वी साठविलेल्या अर्जित रजेतून तीन आठवडे गावी काढले. आप्पांना सांगितले, की आठ दिवस दूध मी घालतो. त्यांनी आधी ऐकले नाही. मग ते म्हणाले, की तुला जमणार नाही, आणि ते खरे ठरले. पहिल्या दिवशी चढावर एक किटली कलंडून अर्धे दूध सांडले. समुद्रसपाटीचे म्हणावे असे आमचे गाव, पण मला कुस्कोपेक्षा जास्त धाप लागली. जांभळीखाली बसावे लागले. आप्पा रोज साडेतीनला उठून गोठ्याशी उभे राहत आणि मी निघालो तरी परत घरात जात नसत. पाचव्या दिवशी मात्र मी फेरी करून आलो तेव्हा ते ओसरीवर उन्हात बसलेले होते, हातात काही नव्हते.

मी शेजारी बसलो आणि त्यांना त्या दगडाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती पुरी ऐकली. मेलेल्या माणसांचा आकडा पुन्हा विचारला. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पुढं कुणी वढला का त्याला?"

"न्हाई. हाय तिथंच हाय अजून."

"बरं केलं," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी उन्हात पाय लांब केले.